शेतावरचा नवा लसूण: चटणी गोळा होते, फोडणी करपते, वाटण हिरवं पडतं, कारणं आणि उपाय

फाल्गुन लागला की जुन्नर, ओतूर, खेड या भागातला नवा लसूण पातीसकट बाजारात दिसायला लागतो. गड्डे टपोरे, पात अर्धी हिरवी, मुळांना माती तशीच. आपण हौसेने दोन-चार जुड्या घेतो आणि मग दर वर्षी त्याच तक्रारी ऐकू येतात. वडापावची सुकी चटणी मोकळी होत नाही. फोडणीत लसूण बाहेरून करपतो नि आतून कच्चा राहतो. सोलताना साल बोटांना चिकटून बसते. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेलं वाटण सकाळी हिरवं दिसतं. उरलेल्याला महिनाभरात बुरशी येते.

या तक्रारींचं खापर वाणावर, खतावर, नाहीतर विकणाऱ्या शेतकऱ्यावर फुटतं. ते बहुतेक वेळा अन्यायाचं असतं. लसूण उत्तम असतो, तो फक्त अजून वाळलेला नसतो. किराणा दुकानात वर्षभर मिळतो तो लसूण सावलीत वाळवून, पात-मुळं छाटून, कित्येकदा महिनोन्‌महिने साठवून आलेला असतो. आपली प्रमाणं आणि हाताचे अंदाज त्या वाळक्या लसणावर बसलेले असतात. ओल्या लसणाला तीच रीत लावली की तो ऐकत नाही. वरच्या पाचही तक्रारींचं मूळ पाण्यात किंवा फ्रीजमध्ये सापडतं, आणि कधीकधी दोन्हींत.

आधी हातात काय आहे ते बघा

गड्ड्याची मान, म्हणजे पात जिथे गड्ड्याला मिळते ती जागा, चिमटीत दाबा. ओलसर, लवचीक लागली किंवा नख रुतवल्यावर रस आला तर लसूण ओला आहे. मान कागदासारखी कडक, वरची साल हात लावताच कुरकुरणारी आणि मुळं ठिसूळ असतील तर तो वाळला आहे. मधली अवस्थाही असते. बाहेरून साल सुकलेली दिसते, पण एक पाकळी सुटी करून पाहिली तर तिच्याभोवतीचं आवरण जाड, ओलं आणि चामट असतं. फसगत होते ती याच अवस्थेत.

महाराष्ट्रात लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात आणि साधारण १२० ते १४० दिवसांनी काढतात. पात पिवळी पडून झुकायला लागली की पाणी तोडायचं आणि मग काढणी, असा क्रम असतो. भाव चढे असले की काढणी घाईने होते. २०२४ च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशे रुपयांच्या पुढे गेला होता. अशा भावात शेतकऱ्याने पंधरा दिवस आधी लसूण उपटला तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत, पण तो लसूण साठवणीचा नव्हे, हे घेणाऱ्याने ओळखायला हवं. विकणाऱ्याला सरळ विचारा: काढून किती दिवस झाले, पाणी कधी तोडलं होतं? स्वतः पिकवणारा माणूस याचं उत्तर लगेच देतो.

सालीवरच्या जांभळट छटेला मात्र घाबरू नका. गावठी लसणात ती असतेच, आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या ‘भीमा पर्पल’ या वाणाचा तर तो रंगच आहे. त्यांचाच ‘भीमा ओंकार’ पांढरा. रंगावरून लसूण बिघडल्याचं ठरवू नये. पाकळी दाबून बघावी, ती टणक हवी.

सुकी चटणी गोळा होते, दोन दिवसांत कुबट वास येतो

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुक्या चटणीत सुकं खोबरं, तिखट, मीठ आणि लसूण. यातला पाणी असलेला जिन्नस एकच, लसूण. वाळलेल्या लसणातही निम्म्याहून अधिक वजन पाण्याचं असतं, नव्यात त्याहून जास्त. त्यावर आपण मीठ घालतो, मीठ ते पाणी बाहेर ओढतं. मिक्सरचं पातं गरम होतं, खोबऱ्याला तेल सुटतं. तेल, पाणी आणि भुगा एकत्र आले की गोळा होणारच. डब्यात झाकण लावून ठेवला की त्या ओलाव्यावर बुरशी धरते.

उपाय चटणी वाटण्याच्या आधी करायचा असतो. पाकळ्यांचे पातळ काप करा, साधारण दोन मिलिमीटरचे, आणि मुख्य म्हणजे सगळे सारख्या जाडीचे. जाड तव्यावर, तेल न घालता, अगदी मंद आचेवर पसरा. सुरुवातीला ते चिकटतात आणि वाफ सोडतात. तेव्हा आच वाढवायचा मोह होतो, तो आवरा. दहा-बारा मिनिटांत कडा वळायला लागतात आणि काप उलथन्याला लागताना हलके वाटतात. रंग फिका पिवळसर असतानाच उतरवा. तांबूस होईपर्यंत थांबलात तर तव्याच्या उष्णतेने पुढे कडवट होतील. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम काप मिक्सरच्या भांड्यात गेले तर त्यांची वाफ झाकणाला लागून पुन्हा चटणीतच उतरते, मग भाजण्याचा उपयोग काय?

खोबरं वेगळं भाजा, वेगळं गार करा. आधी खोबरं आणि तिखट फिरवा, मग लसूण घाला, मीठ सर्वांत शेवटी. मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून फिरवा. खलबत्ता असेल तर याहून चांगलं काही नाही. त्यात तेल कमी सुटतं आणि चटणी रवाळ राहते. ज्यांना कच्च्या लसणाचा झणका हवा असतो त्यांना भाजलेला लसूण सौम्य वाटेल, ती तक्रार खरी आहे. त्यांनी थोड्या पाकळ्या बाजूला ठेवून, ठेचून, एका दिवसात संपेल एवढ्याच चटणीत कच्च्या मिसळाव्यात. टिकवायच्या डब्यात कच्चा ओला लसूण घालू नये.

गोळा होऊन बसलीच असेल तर? वास चांगला आणि चटणी कालचीच असेल तर ती तव्यावर मंद आचेवर पसरा, हाताने मोकळी होईल इतपत कोरडी करा, गार झाल्यावर थोडे भाजलेले तीळ किंवा दाण्याचा कूट मिसळा. कूट ओलावा धरून ठेवतो. चवीला फरक पडतो, पण चटणी वाया जात नाही. वरून पांढरी-हिरवी लव दिसली तर मात्र पूर्ण टाका. वरचा थर काढून खालची वापरण्यात अर्थ नाही, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुष्कळ खाली गेलेले असतात.

एक तपासणी अजून. लसूण वाळलेला आहे, चटणी मोकळी आहे, तरी वास खवट येतो, असं असेल तर दोष बहुधा खोबऱ्याचा. वाटीचा एक तुकडा नुसता चावून बघा, लगेच कळेल.

फोडणीत उडतो, करपतो, आतून कच्चा

कडकडीत तेलात ओली पाकळी पडली की तिच्यातलं पाणी एकदम उकळतं, तेल फुटतं. पाकळीच्या आत पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, तिथे रंग यायचा नाही. बाहेरची कड मात्र कोरडी होऊन करपते. म्हणून एकाच पाकळीत काळा आणि पांढरा भाग दिसतो, आणि सगळ्या वरणाला कडू चव लागते.

इथे क्रम उलटा करा. मोहरीला तापलेलं तेल लागतं, ओल्या लसणाला लागत नाही. ठेचलेला लसूण पाच-दहा मिनिटं कागदावर किंवा सुती फडक्यावर पसरून ठेवा. मग कढल्यात गार तेल आणि लसूण एकत्र घालून मंद आचेवर ठेवा. बुडबुडे जोरात येतात तोवर पाणी निघतं आहे. बुडबुडे मंदावले आणि कडा सोनेरी दिसल्या की लसूण झाऱ्याने काढून घ्या. आता तेच तेल तापवा, मोहरी, जिरं, हिंग, सुकी मिरची घाला, गॅस बंद करा आणि लसूण परत टाका. वरणावर घालाल तेव्हा लसूण कुरकुरीत असतो आणि तेलात त्याचा सगळा वास उतरलेला असतो. पिठल्याला, भरताला, मेथीच्या भाजीला हीच रीत चालते. घाईच्या सकाळी दोन मिनिटं जास्त जातात, पण माझ्या मते ती सत्कारणी लागतात.

सोलायला त्रास

कोमट पाण्यात भिजवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. वाळलेल्या लसणाला तो ठीक आहे. ओल्या लसणाला आणखी पाणी पाजून पुढची चटणी, फोडणी, लोणचं सगळंच अवघड होतं. त्याऐवजी पाकळ्या सुट्या करून सुपात पसरा, रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी दोन्ही हातांनी चोळा आणि पाखडा. जास्त लसूण सोलायचा असेल तर पाकळ्यांना तेलाचा हात लावून दोन-तीन तास उन्हात ठेवायची गावाकडची पद्धत उत्तम. साल आकसते आणि चोळल्यावर सुटते.

पाकळ्या धड वेगळ्याच झालेल्या नसतील, गड्डा कांद्यासारखा एकसंध असेल, तर सोलायच्या भानगडीत पडू नका. तो कोवळा लसूण आहे. पातीसकट चिरून झुणक्यात, अंड्याच्या भुर्जीत, थालीपिठात घाला, किंवा हिरव्या मिरच्यांबरोबर तव्यावर परतून ठेचा करा. हुरड्याच्या दिवसांत असा ठेचा भाकरीबरोबर असला की दुसरं काही लागत नाही.

वाटण हिरवं, निळसर पडतं

याने लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि भरलेली बाटली ओतून देतात. हिरवेपणा चार वेगवेगळ्या कारणांनी येतो. त्यातल्या दोन कारणांत टाकायचं असतं, दोन कारणांत नाही.

पाकळी उभी चिरल्यावर मधोमध हिरवी दांडी दिसते, तो कोंब. खायला हरकत नाही. कच्च्या चटणीत किंचित कडवट लागतो म्हणून काढून टाकावा, शिजवणार असाल तर राहू द्या.

पाकळीच्या सालीखाली किंवा बुडाशी निळसर-हिरवी भुकटी, हाताला लागणारी, कोंदट वासाची, म्हणजे बुरशी. ती पाकळी टाका, शेजारच्या पाकळ्या दाबून बघा, मऊ लागल्या तर त्याही टाका.

पितळी खलबत्त्यात लिंबू-मीठ घालून लसूण ठेचला आणि तसाच ठेवला तर तो कळकतो. धातूची चव येते. तो टाकायचाच. आंबट असेल तर दगडी खल वापरा आणि ठेचून झाल्यावर लगेच काचेच्या भांड्यात काढा.

चौथा हिरवेपणा लसणाचा स्वतःचा. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, बुरशी नसताना, सगळं वाटण एकसारखं हिरवट-निळसर होतं तो हा. लसूण चिरला किंवा वाटला की पेशी फुटतात आणि त्यांच्यात वेगवेगळ्या जागी असलेले पदार्थ एकत्र येतात. ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) ॲलिन या घटकावर काम करतं आणि लसणाचा तो झणझणीत वास देणारं ॲलिसिन तयार होतं. लसणात ॲलिनचाच एक भाऊबंद थोड्या प्रमाणात असतो, आयसोॲलिन. त्याच्यावर हेच विकर चाललं की निघणारे पदार्थ लसणातल्या अमिनो आम्लांशी जोडले जाऊन रंगद्रव्यं बनवतात, काही पिवळी, काही निळी. दोन्ही मिळून हिरवं दिसतं. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांच्या आंबटपणात हे जास्त होतं. हा रंग खायला निर्धोक आहे, चवही बिघडत नाही. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात सोललेला लसूण व्हिनेगरमध्ये घालून मुद्दाम पाचूसारखा हिरवा करतात. ‘लाबा’ लसूण म्हणतात त्याला, आणि त्यांच्या नव्या वर्षाला तो मोमोसारख्या उकडीच्या पदार्थांबरोबर खातात.

हे आयसोॲलिन वाढतं ते लसूण थंडीत ठेवल्यावर. नुकत्या काढलेल्या लसणात ते कमी असतं, त्यामुळे शेतावरून आणून त्याच दिवशी वाटला तर तो सहसा हिरवा पडत नाही. ‘ताजा राहील’ म्हणून आख्खे गड्डे फ्रीजमध्ये टाकले आणि दोन-तीन आठवड्यांनी वाटण केलं की रंग येतो. म्हणून उपायही तिथेच. आख्खा लसूण फ्रीजबाहेर ठेवा. आधीच फ्रीजमध्ये असेल तर बाहेर काढून काही आठवडे घरातल्या उष्ण, कोरड्या जागी ठेवला की हिरवं पडण्याचं प्रमाण पुष्कळ कमी होतं.

वाटणात कच्चा कांदाही असेल तर ताज्या लसणानेही रंग येऊ शकतो, कारण आयसोॲलिन कांद्यात भरपूर असतं. कांदा आधी परतून घ्या, मग लसणाबरोबर वाटा. चिंच-लिंबू वाटणात न घालता भाजीत शेवटी घाला. लोणच्यासाठी पांढरा लसूण हवाच असेल तर सोललेल्या आख्ख्या पाकळ्या उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट घालून काढा, फडक्यावर अगदी कोरड्या करा, मग लिंबाच्या रसात टाका. उष्णतेने विकर निकामी होतं. त्याबरोबर झणकाही कमी होतो, हे मान्य करून हा उपाय करायचा. मला स्वतःला हिरवट दिसणारं पण तिखट लोणचंच जास्त आवडतं.

साठवण: बुरशी, कोंब, पोकळ पाकळ्या

ओला लसूण डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बटाट्यांच्या टोपलीत ठेवला की संपलाच. घेताना शक्यतो पातीसकट घ्या. धुऊ नका, माती झटका. पात आणि मुळं कापायची घाई करू नका, कापलेल्या ओल्या मानेतून बुरशीला वाट मिळते. पाच-सहा गड्ड्यांच्या सैल जुड्या बांधून सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगा. गच्ची नको, एप्रिलच्या उन्हात गड्डे अक्षरशः शिजतात. उष्णतेने पाकळ्या पिवळसर, मेणचट, अर्धपारदर्शक होतात आणि मग त्यांना ना वास राहतो ना चव. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर बाल्कनीच्या आतल्या बाजूला दोरी बांधून खाली टेबलफॅन मंद सोडला तरी काम होतं. दोन ते तीन आठवडे लागतात. मान कडक झाली, साल कुरकुरली की मान बोटभर ठेवून पात छाटा, मुळं खरवडा, आणि जाळीच्या पिशवीत ठेवा. जुन्या घरांत या जुड्या चुलीवरच्या आढ्याला टांगलेल्या असत. धूर आणि ऊब, दोन्ही मिळे, आणि पावसाळ्यातही लसूण टिके.

आता चूल नाही, तेव्हा खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोकणात, मुंबईत हवेतली आर्द्रता इतकी असते की वाळलेला लसूणही पुन्हा ओलावा धरतो. पावसाळ्याआधी गड्डे निवडून घ्या. जखमी, मऊ, सुटलेले आधी वापरा. उरलेले स्वयंपाकघरात वरच्या उघड्या फडताळात ठेवा, सिंकखाली कधीच नाही. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो. लसणाला कोंब फुटायला हा गारवा फार मानवतो. व्यापारी शीतगृहात लसूण टिकतो, कारण तिथे शून्याच्या आसपास तापमान आणि कोरडी हवा सांभाळतात. फ्रीजमध्ये ती सोय नाही.

वाटण करून ठेवणार असाल तर पाणी न घालता वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या डब्यात भरा. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते: कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. मातीतून आलेल्या लसणावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा नाही, लसूण आंबट नाही, खोलीचं तापमान उबदार, म्हणजे त्यांना हवी तशी परिस्थिती. वास किंवा रंग बदलत नाही, पण विष तयार होतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका हॉटेलातल्या तेलातल्या लसणामुळे तीसहून अधिक लोकांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्येही असाच प्रकार घडला. लसणाचं तेल लागेल तेवढंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवं असेल तर गोठवा.

एवढं करूनही गणपतीच्या सुमाराला काही पाकळ्यांना कोंब येतीलच. टणक असतील तर भाजीत वापरा. ज्या मऊ, पोकळ होत चालल्या असतील त्या टोक वर करून बोटाच्या पेरभर खोल कुंडीत लावा. गड्डा धरेल न धरेल, पण महिनाभरात खुडायला पात मिळते आणि ती खुडली तरी पुन्हा फुटते.